ऊसशेतीत एकच गोष्ट निवडायची तर? माझं उत्तर: वाफसा

प्रश्न असा आलाय: "पुण्यातली नोकरी सोडून गावी आलोय. वारणाकाठी साडेतीन एकर काळी जमीन आहे, पाणी भरपूर आहे, वडील ऊस करतात, एकरी ४० टनाच्या वर काही जात नाही. जो तो वेगळं सांगतो. कोण म्हणतो बियाणं बदल, कोण म्हणतो खताचा डोस वाढव, कोण ड्रिप, कोण सेंद्रिय कर्ब. यातली सगळ्यात महत्त्वाची एकच गोष्ट कुठली आणि का?"

पहिलं म्हणजे ४० टन म्हणजे तुझे वडील काही नापास नाहीत भावा, राज्याची सरासरी एकरी ३५ टनाच्या आसपास घुटमळतेय. पण काळ्या रानात, हाताशी पाणी असताना ४० वर अडकणं म्हणजे कुठंतरी काहीतरी दाबून धरलंय हे नक्की. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात माती तपासणी आणि ऊस सल्ला हेच काम करत मला २६ वर्षं झाली, आणि तुझ्यासारखा माणूस समोर बसला की मी यादीतलं काहीच सांगत नाही. मी सांगतो वाफसा.

हा शब्द तुझ्या आज्ज्याला माहीत असणार, वडिलांनाही असणार, पण खताच्या दुकानात कोणी उच्चारत नाही कारण तो पोत्यात भरून विकता येत नाही. वाफसा म्हणजे जमीन ओली पण चिखल नाही, मातीच्या कणांमध्ये जी पोकळी असते तिच्यात निम्मं पाणी आणि निम्मी हवा. पुस्तकात आदर्श मातीचं चित्र असतं बघ, ४५ टक्के खनिज, ५ टक्के सेंद्रिय पदार्थ, २५ टक्के पाणी, २५ टक्के हवा. त्यातली पहिली तीन सगळ्यांना पाठ, चौथीसाठी कोणी एक रुपया खर्च करत नाही. जुनी माणसं मूठभर माती घेऊन लाडू वळायची आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायची. लाडू फुटून भुगा झाला की वाफसा आला, चपटा होऊन तसाच बसला की औत घालायचं नाही. फुकटची टेस्ट, आणि आजही माझ्या लॅबमधल्या निम्म्या आकड्यांपेक्षा ती जास्त सांगते.

आता "का". महत्त्वाचं काय हे ठरवायची माझी एकच पद्धत आहे. कुठली गोष्ट वाढवली की किती टन वाढतं हे मी बघत नाही, कारण तसं बघितलं तर प्रत्येक दुकानदाराकडं एक फोटो असतोच. मी बघतो की कुठली गोष्ट बिघडली तर बाकी सगळ्यांवर घातलेले पैसे बुडतात, आणि बाकीच्यांनी ती भरून निघते का. बियाणं थोडं कमी पडलं तर चांगल्या मशागतीनं बरंचसं सावरतं. खत एखादं चुकलं तर पुढच्या भरणीला दुरुस्त करता येतं. मुळाला हवा नसेल तर मात्र बियाणं, खत, पाणी, मजुरी सगळं त्याच खड्ड्यात जातं आणि वरून काहीही टाकलं तरी ते भरत नाही.

मूळ पण श्वास घेतं, हे ऐकून लोक हसतात. पानाला हवा लागते हे पटतं, मुळाला लागते हे पटत नाही. पण पालाश असो नत्र असो, मूळ ते नुसतं स्पंजासारखं शोषत नाही, त्याला त्यासाठी ताकद खर्च करावी लागते, आणि ती ताकद श्वासातून येते. पाण्यातून ऑक्सिजन सरकायचा वेग हवेतल्या वेगाच्या जवळपास दहा हजारावा हिस्सा. म्हणजे पोकळ्या पाण्यानं गच्च भरल्या की वरून प्राणवायू खाली पोचणं जवळजवळ बंदच. मूळ जिवंत राहतं पण काम करत नाही, नवी पांढरी मुळं फुटायची थांबतात, जुनी तपकिरी मग काळी पडतात.

आणि इथंच खरा चकवा आहे. रान पाण्यानं दाबलं की ऊस पिवळा पडतो. शेतकरी काय म्हणतो, नत्र कमी पडलं, टाक अजून युरिया. आता जमिनीत काय चाललंय बघ. हवा संपली की काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरायला लागतात आणि उरलेलं नत्र वायू होऊन उडून जातं. राहुरी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे आडसालीला (जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या उसाला) हेक्टरी ४०० किलो नत्र, म्हणजे एकरी १६०, म्हणजे सगळं युरियातून द्यायचं म्हटलं तर साडेतीनशे किलोच्या आसपास, ४५ किलोची पावणेआठ पोती. मी बारा-चौदा पोती टाकणारे बघितलेत, आणि रान तरीही पिवळं. ते युरिया टाकत नव्हते, आभाळात सोडत होते. चर काढला, पंधरा दिवस पाणी तोडलं, आणि एक पोतंही न टाकता ऊस काळपट हिरवा झाला असं मी एकदा नाही कितीतरी वेळा बघितलंय. तुझ्या वडलांनाही विचार, लांबलेल्या पावसानंतर उघडीप पडली की ऊस आपोआप उठतो की नाही. तेव्हा खत कोणी टाकलेलं असतं?

बियाण्याबद्दल जास्त बोलत नाही. ८६०३२ ही उसाची जात पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं १९९६ साली दिली, अजून तीच निम्म्या महाराष्ट्राच्या रानात उभी आहे, एकरी १०० टनवाले पण तीच लावतात आणि २५ टनवाले पण तीच. मग फरक बियाण्यात कसा असेल. खारवट रानात २६५ ही जात जास्त तग धरते हे खरं आहे, मीही सांगतो लावायला, पण तग धरणं वेगळं, टन काढणं वेगळं. बेणं निरोगी असावं, दहा-अकरा महिन्यांचं असावं, बेणेमळ्यातलं असावं, बस्स.

सेंद्रिय कर्ब हा मात्र तगडा उमेदवार आहे आणि माझे काही चांगले मित्र या मुद्द्यावर माझ्याशी भांडतात. त्यांचं म्हणणं कर्ब वाढला की माती आपोआप भुसभुशीत होते, मग वाफसा आपोआप येतो, म्हणून कर्ब पहिला. अर्धं बरोबर आहे. पाचट जाळू नका हे मी पण घसा कोरडा करून सांगतो. पण गेल्या काही वर्षांत दहा-दहा ट्रॉल्या शेणखत आणि कारखान्याची मळी टाकून सुद्धा रान न सुधारलेली माणसं माझ्याकडं आलीत, आणि त्यातल्या बहुतेकांच्या रानात तीन फुटावर पाणी लागत होतं. हवा नसलेल्या जमिनीत शेणखत कुजत नाही, सडतं. फावडं मारलं की अंड्याच्या सडक्या वासासारखा वास येतो तो त्याचाच. कर्ब म्हणजे जिवाणूंचं जेवण, मान्य, पण ज्याला श्वास घेता येत नाही त्याच्यापुढं पंचपक्वान्नं वाढून काय उपयोग. आधी दार उघड मग ताट वाढ, एवढंच माझं म्हणणं. आणि हो, हलक्या जमिनीत या भांडणात ते जिंकतात, ते खाली सांगतो.

पाण्याचं आता. तू लिहिलंयस पाणी भरपूर आहे. तीच तर अडचण आहे. आपल्याकडं पंपाचं बिल बहुतेक ठिकाणी हॉर्सपॉवरवर असायचं, २०२४ पासून तर साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत माफच, म्हणजे मोटर दोन तास चालवली काय आणि आठ तास चालवली काय. लाईट बऱ्याच ठिकाणी आळीपाळीनं, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीला कोण जागतं? स्टार्टरला ऑटो लावायचा, लाईट आली की मोटर सुरू, सकाळी उठून बघायचं पाणी पलीकडच्या बांधाला टेकलंय का. ही काही शेतकऱ्याची आळशीपणाची गोष्ट नाही, साप-विंचवाच्या अंधारात पाटावर उभं राहून बघावं मग बोलावं, पण मातीला कारण कळत नाही. काळी माती फुगणारी, तिच्यात चिकणमाती निम्म्यावर, कोरडी झाली की भेगा पडतात आणि ओली झाली की पोकळ्या दाबून घेते. एकदा गच्च भिजली की तिला वाफशावर यायला हिवाळ्यात बारा-पंधरा दिवस सहज लागतात, आणि तोपर्यंत आपली पुढची पाळी आलेली असते. म्हणजे वर्षातले कितीतरी महिने मूळ पाण्याखालीच.

ड्रिप केलं की सुटलं असं पण नाही. मी ड्रिपवर सडलेली मुळं बघितलीत. काळ्या रानात रोज चार-चार तास ड्रिप चालवणारा माणूस सरीत पाणी दिसत नाही म्हणून खूष असतो, पण नळीच्या खालचा पट्टा कायम चिखल. ड्रिपनं पाणी मोजून देता येतं, मोजायचं की नाही ते तुझ्यावर.

आता मिठाचं गणित, कारण हे कळल्याशिवाय आपल्या भागाचं काय झालंय ते कळत नाही. विहिरीच्या एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम क्षार धर. हे चांगलं पाणी आहे बरं का, रिपोर्टवर मी "योग्य" लिहून देतो. वर्षात पाटानं २०० सेंटिमीटर पाणी दिलंस असं धर. एका एकरात ते होतं जवळपास ८१ लाख लिटर. गुणाकार कर, ४ टन क्षार. पन्नास किलोची ८० पोती मीठ, एका एकरात, एका वर्षात, चांगल्या पाण्यातून. ऊस आणि ऊन पाणी उडवतात, मीठ उडत नाही. पावसाळ्यात पाऊस ते धुऊन खाली नेतो, पण खाली जायला वाट असेल तरच. वाट नसेल तर जमिनीखालचं पाणी वर चढत चढत चार-पाच फुटावर येतं, तिथून वातीसारखं वर ओढलं जातं आणि एप्रिल-मेमध्ये सरीच्या माथ्यावर पांढरं फुलतं. तू वारणेच्या, कृष्णेच्या काठानं गाळाच्या रानात जा, नुसत्या बाभळी आणि लव्हाळा दिसेल, त्यातली बरीच रानं एकेकाळची एक नंबर जमीन होती.

ऊस तसा मिठाला नाजूकच. मातीच्या संपृक्त अर्काचा (पाण्यानं पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याचा) ईसी, म्हणजे क्षार मोजायचा आकडा, १.७ च्या पुढं गेला की दर एका अंकाला सहा टक्क्याच्या आसपास उत्पादन घटतं. म्हणजे ४ ला पोचेपर्यंत १३-१४ टक्के गेलं, आणि डोळ्याला काही दिसत पण नाही. (एक सांगून ठेवतो, बहुतेक लॅब एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून मोजतात, तो आकडा यापेक्षा बराच कमी येतो. रिपोर्टवर १ च्या वर दिसला की सावध हो, ४ ची वाट बघत बसू नको.)

इथं माझी स्वतःची एक चूक सांगतो. नवा होतो, रिपोर्ट बघून सल्ला द्यायचो. एक काका आले, सामू (पीएच) ९ च्या वर, सरळ सरळ चोपण, म्हणजे सोडियम साठून घट्ट झालेली जमीन. पुस्तकात लिहिलंय चोपणला जिप्सम. मी हिशोब करून टनावारी जिप्सम लिहून दिलं. काकांनी कर्ज काढून टाकलं. पुढच्या वर्षी रान होतं तिथंच, उलट थोडं वाईट. ते मला एक शब्द बोलले नाहीत, नुसते घेऊन गेले रानात आणि खड्डा दाखवला, अडीच फुटावर पाणी. जिप्सम काय करतं, त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणावरचं सोडियम काढतं आणि स्वतः तिथं बसतं, आणि ते सोडियम सल्फेट होऊन पाण्यात विरघळतं. इथपर्यंत सगळं बरोबर. पण ते विरघळलेलं पाणी शेताबाहेर गेलंच नाही तर? सोडियम तिथंच, परत येऊन बसायला मोकळं. मी औषध दिलं आणि नाली बंद ठेवली. त्या दिवसानंतर मी रान न बघता जिप्सम लिहून दिलेलं नाही. आणि नुसती खारवट जमीन असेल, सामू साडेआठच्या आत, तर तिला जिप्समची गरज पण नसते, निचरा आणि धुण्यापुरतं पाणी एवढ्यावर ती येते. तरी दुकानदार दोघांनाही तेच पोतं देतो.

ही काही नवी अक्कल नाही. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, आणि पुढच्या चाळीसेक वर्षांत बारामतीच्या बाजूला जमिनी पाणथळ आणि खारवट व्हायला लागल्या, ते बघून सरकारी इंजिनिअर इंग्लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात निचऱ्याचे अभ्यास केले. म्हणजे शंभर वर्षं झाली. पाणी आणायला धरणं झाली, कालवे झाले, नदीवरून गावोगावच्या सहकारी उपसा योजना झाल्या, पाणी आणलं त्याचा फोटो, नारळ, पेढे. पाणी घालवायच्या चराचं उद्घाटन करायला कोणी येत नाही.

उलट होती ती वाट आपणच बुजवली. प्रत्येक शिवारात ओघळी होत्या, ओढे होते, दोन रानांच्या मध्ये चर असायचा. जमिनीचे तुकडे झाले, भाव वाढला, एकानं बांध कोरला, दुसऱ्यानं चर नांगरून टाकला, तिसऱ्यानं ओढ्यात मुरूम टाकून चार सऱ्या वाढवल्या. दोन गुंठे मिळाले आणि वरच्या चाळीस एकराचं पाणी तुंबलं. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या पाच-सहा केसेसमध्ये मूळ दुखणं शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात नसतंच, खालच्या बाजूला असतं. म्हणून हे काम एकट्याचं नाही. शिरोळ तालुक्यात दत्त कारखान्याच्या पुढाकारानं गावंच्या गावं एकत्र करून जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकले, मुख्य पाईप काढून नाल्याला जोडली, आणि जिथं लव्हाळा पण नीट येत नव्हता तिथं परत ऊस उभा राहिला. जमलं तर एकदा जाऊन बघून ये.

आता हलक्या रानाचं. माण-खटावच्या दुष्काळी भागातला कोणी हे वाचत असेल तर म्हणेल याला काय झालंय, आमच्याकडं प्यायला पाणी नाही आणि हा पाणी काढा म्हणतो. बरोबर आहे. मुरमाड रानात वाफसा एका दिवसात येतो आणि चौथ्या दिवशी निघून जातो, तिथं अडचण हवेची नाही, ओल धरून ठेवायची आहे, आणि तिथं सेंद्रिय कर्ब खरंच पहिला. तरी मोजायची गोष्ट तीच ना? वाफशाचे दिवस. काळ्या रानात ते पाणी काढून वाढतात, हलक्या रानात ओल धरून. भाताचं वेगळं, त्याच्या खोडात-मुळात हवेच्या पोकळ नळ्या असतात, तो स्वतःची हवा घेऊन चिखलात उतरतो. उसाकडं तेवढी सोय नाही. भात कसा पाण्यात येतो मग ऊस का नाही, हे मला दर मिटिंगला एक जण विचारतोच.

तू काय करायचं. माती तपासणीच्या आधी खड्डा काढ. पाणी दिल्यापासून सहाव्या-सातव्या दिवशी, तीन ठिकाणी, रानाच्या सगळ्यात खोल कोपऱ्यात एक नक्की, साडेतीन-चार फूट. रात्रभर तसाच ठेव, सकाळी बघ तळाला पाणी साठलंय का. भिंतीकडं बघ, मातीत गंजासारखे तांबूस ठिपके किंवा निळसर राखाडी रंग दिसला तर तिथं वर्षातले बरेच दिवस पाणी उभं असतं. मुळं किती खोल गेलीत ते मोज. आणि सहा ते नऊ इंचाच्या मध्ये सुरी टोचून बघ, एकदम कडक थर लागला तर ती रोटावेटरची आणि तोडणीच्या वेळी ओल्या रानात घातलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीची कृपा. तेवढंच दुखणं असेल तर स्वस्तात सुटलास, उन्हाळ्यात रान चांगलं तापलं की सबसॉयलर (खालचा कडक थर फोडणारं औजार) फिरव आणि रोटावेटर कमी कर. वरचं मऊ पीठ बघून समाधान होतं माणसाला, खाली फरशी तयार होतेय ते दिसत नाही.

तळाला पाणी लागलं तर मग आधी उघडा चर, खालच्या बांधाला, तीन-चार फूट खोल, ओढ्यापर्यंत. बऱ्याच रानांचं एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर मोल नांगर, जमिनीखाली दोन फुटावर गोळ्यानं बोगदा पाडत जातो, काळ्या चिकण मातीत तीन-चार वर्षं टिकतो, खर्च कमी. त्यानंही नाही झालं, ईसी वाढलेला असला, तर पाईप निचरा, आणि तो लेव्हल घेऊन, माणूस बघून, कारण ढाळ चुकला तर पाईप गाळानं भरून बसतो आणि परत उकरायची हिंमत होत नाही. या वर्षी दुसरं काही बदलू नको. वाण तेच ठेव, डोस तोच ठेव, फक्त एक पाळी आड पाणी दे आणि लाडू फुटल्याशिवाय पुढचं पाणी सोडू नको, वडील ओरडतील, त्यांना म्हणावं चार सऱ्यांवर करून बघतो.

खड्ड्यातलं पाणी किती इंचावर लागलं ते आणि खालच्या बाजूला रान कोणाचं आहे ते कळव. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. भावकीतलं असेल तर चर कुठून काढायचा हे ठरायलाच सहा महिने जातात, तेव्हा बोलणं आत्ताच, तोडणीच्या आधी सुरू कर.